बाजूला वळून रडतो

कॉलेजात त्यांना सगळे अश्रूसर म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर नुसतं सर, आणि पाठ वळली की पुढे अश्रू जोडले जात. आता त्यांना कुणी कधी रडताना पाहिलं होतं म्हणावं, तर तसंही नाही. आई गेली तेव्हा ते भेटायला येणाऱ्यांना खुर्च्या देत होते, आणि सगळे बसून झाल्यावरही शेजाऱ्यांकडून आणखी खुर्च्या आणतच राहिले होते. नाव पडलं ते प्रबंधामुळे. जुन्या इंग्रजी नाटकांत पुरुष कधी, कुठे आणि कुणादेखत रडतात, हा सरांच्या संशोधनाचा विषय. असल्या विषयात माणसाने उमेदीची वर्षं घातली की लोक नाव ठेवणारच. त्यात लोकांची चूक नाही.

विषय ऐकायला चमत्कारिक, पण सरांनी समजावून सांगितला की पटायचा. नाटकाच्या पुस्तकात संवादांच्या अधेमधे तिरप्या अक्षरांत सूचना छापलेल्या असतात: आत येतो, तलवार उपसतो, दार लावून घेते. या रंगसूचना. सर संवाद कमी आणि रंगसूचना जास्त वाचत. बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, काचा बसवायची, ती म्हणायची, "लोक जेवायला जातात. तुम्ही ताटाखालचा कागद वाचायला जाता."

प्रबंधात तीन काळ होते. पहिला चारशे वर्षांपूर्वीचा, जेव्हा भर दुपारी, उघड्या आभाळाखाली नाटक व्हायचं आणि नट नि प्रेक्षक एकाच उन्हात असायचे. दुसरा, मध्यंतरी नाटकांवर आलेली बंदी उठल्यानंतरचा. त्यातले पुरुष डोक्यावर केसांचे टोप आणि जिभेवर वस्तरा घेऊन वावरत, आणि रडणं म्हणजे त्यांच्या लेखी अडाणीपणा. तिसरा गॅसच्या दिव्यांचा. नाट्यगृहं अवाढव्य झाली आणि रडण्याला पुन्हा बरे दिवस आले. या तिन्हींत सरांचा जीव होता तो पहिल्या काळावरच्या प्रकरणात. त्याला त्यांनी मथळा दिला होता 'उन्हातले अश्रू'. म्हणणं असं, की त्या काळचा पुरुष हजार माणसांच्या डोळ्यांदेखत लख्ख उजेडात रडायचा आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नसे.

पुरावा म्हणून बरीच नाटकं होती, पण मुकुटमणी होतं ते एका गिरणीवाल्याचं. आज ते कुणी करत नाही, त्याच्या लेखकाचंही नाव धड माहीत नाही. गिरणीवाला धाकट्या भावाला घरातून हाकलतो. काही वर्षांनी तोच भाऊ खांद्यावर पोतं घेऊन दळायला येतो. गिरणीवाला त्याला ओळखतो, पण ओळख देत नाही. पोतं उतरवून घेतो, वजन करतो, आणि तिथे तिरप्या अक्षरांत छापलेलं असतं: बाजूला वळून रडतो. या तीन शब्दांवर सरांनी पानंच्या पानं लिहिली होती, आणि चांगली लिहिली होती. बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या परीक्षकांच्या अहवालात या पानांचा 'हृद्य' म्हणून उल्लेख होता. परीक्षक असला शब्द सहसा खर्च करत नाहीत.

आता राहिली होती फक्त तोंडी परीक्षा, गुरुवारी. ती झाली की पदवी, आणि पदवी हातात आली की सत्र संपताना लागणाऱ्या कायम नोकरीच्या यादीत सरांचं नाव. तोवर ते दर सत्राला नव्याने नेमले जाणारे मास्तर होते. सुट्टी लागली की त्यांच्या टेबलाचा खण रिकामा करून घेत, सत्र उघडलं की परत देत.

तोंडी परीक्षा खुली असते. कुणीही यावं, बसावं, शेवटी प्रश्नही विचारावा. यातली मेख बाहेरच्यांना ठाऊक नसते. अध्यक्ष सभागृहाकडे वळून "कुणाला काही प्रश्न?" असं विचारतात, तेव्हा कुणीच बोललं नाही तर विभागाची शोभा होते, आणि कुणी खरोखरच प्रश्न विचारला तर उमेदवाराची. म्हणून जुना तोडगा असा, की उमेदवारानेच दोन-तीन प्रश्न बेतून आपल्या माणसांत वाटून ठेवायचे. विभागात याला पेरणी म्हणत. पेरलेला प्रश्न आला की उमेदवार घटकाभर विचारात पडल्यासारखं करतो, "फार चांगला प्रश्न आहे" म्हणतो आणि पाठ केलेलं उत्तर घडाघडा ओततो. परीक्षकांना हे कळत नाही असं नाही. तेही एके काळी असेच पेरून उगवलेले असतात.

सरांची पेरणी आदल्याच आठवड्यात झाली होती. गॅसच्या दिव्यांबद्दलचा प्रश्न होता पुरवणीकडे. पुरवणी म्हणजे स्टाफरूममधले एक सहकारी. कुणाचंही बोलणं संपलं की "त्याला जोडूनच सांगतो" म्हणत आणखी तेवढंच बोलायचे. दुसरा प्रश्न बायकोकडे: या संशोधनाचा आजच्या माणसाला काय उपयोग? हा कुठल्याही प्रबंधाला चालतो. आणि तिसरा, सगळ्यांत गोंडस, बाबांकडे: त्या काळचे पुरुष उजेडात, सगळ्यांसमोर एवढे का रडत होते? बाबा बस डेपोत गाड्या पुकारायचे. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी त्यांना हळू बोलता येत नसे. प्रश्न मिळाल्यापासून तो त्यांनी जिन्यात, गच्चीवर आणि न्हाणीघरात पुकारून पाहिला होता, आणि गुरुवारी आपण परीक्षेत प्रश्न विचारणार आहोत हे सगळ्या इमारतीला सांगून ठेवलं होतं.

सोमवारी दुपारी सर पडद्यावर दाखवायची चित्रं जुळवत होते. गिरणीवाल्याच्या नाटकाच्या पहिल्या छपाईचं पान दाखवलं तर वजन येईल, असं त्यांच्या मनात आलं. लांबच्या एका मोठ्या ग्रंथालयाने जुन्या छपाईचे फोटो नुकतेच सगळ्यांसाठी उघडे केले होते. सरांनी ते नाटक शोधलं, चौथ्या अंकातलं पान काढलं आणि मोठं केलं.

भाऊ पोतं घेऊन आलेला होता. गिरणीवाला वजन सांगत होता. त्याखाली भावाचं पुढचं वाक्य. मधे काही नाही.

सरांना वाटलं पान चुकलं. मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं. मग वाटलं प्रत फाटकी असेल, म्हणून दुसऱ्या ग्रंथालयातली प्रत शोधली. तीही तश्शी. मग त्यांनी प्रकरणातली बाकीची नाटकं एकेक करून उघडली. जिथे जिथे सरांचे पुरुष रडत होते, तिथे तिथे मूळ छपाईत कोरडं ठणठणीत होतं. एक म्हातारा सरदार तेवढा खरोखर रडत होता, आणि एक खलाशी. पण खलाशी प्यायलेला होता, त्याचं काय धरायचं.

मंगळवारी सकाळी ग्रंथालय उघडायच्या आधीच सर दारात उभे होते. ज्या संचावरून प्रबंध लिहिला तो तीन खंडांचा होता, गॅसच्या दिव्यांच्या काळात एका पाद्र्याने संपादित केलेला. पहिल्या खंडाच्या सुरुवातीला प्रस्तावना होती आणि ती सरांनी वाचलेली नव्हती. यात आळस नव्हता, तत्त्व होतं. दर वर्षी पहिल्या तासाला ते मुलांना बजावत, "आधी नाटक वाचा. प्रस्तावना शेवटी. आधी वाचली की दुसऱ्याचा चष्मा डोळ्यांवर चढतो." यातलं 'शेवटी' सरांच्या बाबतीत यायचंच राहून गेलं होतं.

बरं, न वाचणारे ते एकटे नव्हते. जुन्या पुस्तकांचे कागद घडी घालून बांधलेले असत. कडा कापल्याशिवाय आतली पानं उघडत नसत. प्रस्तावनेच्या पानांच्या कडा अजून जोडलेल्या होत्या. पुस्तक ग्रंथालयात आलं त्या दिवसापासून कुणाची सुरी तिथे पोचली नव्हती. सरांनी टेबलावरची पट्टी घेतली आणि एकेक कड उसवली. बारीक करकर झाली. ग्रंथपाल चष्म्यावरून पाहत राहिले.

पाद्रीबोवा फार सज्जन माणूस होते. त्यांनी काहीही लपवलं नव्हतं. जुन्या छापखान्यांनी नटाला कसलीच मदत केलेली नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. म्हणून प्रसंग वाचताना आपलं स्वतःचं मन जसं हेलावलं तशा सूचना आपण ठिकठिकाणी घातल्या आहेत. त्या कोणत्या, हे चाणाक्ष वाचकाच्या सहज ध्यानात येईल.

चाणाक्ष वाचक पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसला. म्हणजे गिरणीवाला रडलाच नव्हता. रडला होता तो एक पाद्री, दोनशे वर्षांनंतर, दिव्याशेजारी बसून, एकटाच. उन्हातले अश्रू तिसऱ्या प्रकरणातून चोरपावलांनी पहिल्या प्रकरणात येऊन बसले होते, आणि सरांनी त्यांना पाट मांडून दिला होता.

बुधवारी ते मॅडमना भेटायला गेले. मॅडम म्हणजे सरांच्या मार्गदर्शक. त्या महिनाअखेर निवृत्त होत होत्या आणि सर त्यांचे शेवटचे विद्यार्थी. खोलीत खोकी भरायचं काम चालू होतं. सरांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मॅडम पुस्तकांवरची धूळ पुसत होत्या, पुसायच्या थांबल्या.

"किती सूचना अशा?"

"बहुतेक सगळ्या."

"परीक्षकांच्या अहवालात याचा उल्लेख?"

"नाही. उलट 'हृद्य' म्हटलंय."

"ते माहितीये मला. बस." सर खोक्यावर बसले. "कुणाकुणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच. मला वाटलं, उद्या सुरुवातीलाच मी उठून—"

"तू उठून काही करायचं नाहीस." मॅडमनी फडकं खिडकीत झटकलं. "पदवी घे. उद्या याचं पुस्तक करशील तेव्हा दुरुस्त कर. आजवर सगळ्यांनी हेच केलंय. झाकली मूठ आहे ती झाकलेली राहू दे."

"पण मॅडम, मूठ रिकामी आहे."

"म्हणून तर झाकायची." मग त्यांचा आवाज उतरला. "हे बघ. ती प्रस्तावना मीही वाचलेली नाही. प्रत्येक प्रकरणावर माझी सही आहे. उद्या तू बोललास की पहिला प्रश्न येईल, मार्गदर्शक काय करत होत्या? इतकी वर्षं शिकवलं, आणि जाताना हे ऐकून जाऊ?"

सरांनी शेजारच्या खोक्यातली पुस्तकं सारखी केली.

"खोटं बोल असं मी म्हणत नाही. कुणी विचारलं तर खरं सांग. पण स्वतःहून नाही. शब्द दे."

सरांनी शब्द दिला. त्यांच्यापाशी तेव्हा द्यायला दुसरं काही नव्हतंच. जिना उतरताना मात्र त्यांच्या डोक्यात एक किडा शिरला. कुणी विचारलं तर. आणि उद्या कोण काय विचारणार, ते तर सरांनीच ठरवलेलं होतं.

संध्याकाळी पहिलं काम बाबांकडे होतं. बाबा गॅलरीत घसा साफ करत होते.

"बाबा, तुमचा प्रश्न जरा बदलू या."

"का? पाठ झालाय."

"दुसरा देतो. सोपा आहे."

"सोपा कशाला? मी काय बालवाडीत आहे?" बाबांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला. "आणि एक लक्षात ठेव. डेपोत एकदा पुकारलेली गाडी मागे घेत नाहीत. लोक सामान उचलून उभे राहिलेले असतात."

"मग विचारूच नका. नुसते बसा."

बाबांनी कठड्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस गप्प झाला की घर ओकंबोकं वाटायचं. सर म्हणाले, "बरं, विचारा. तोच विचारा." आणि आत आले. आपल्या हाताने पेरलेलं आता आपल्याला उपटता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि जेवताना त्यांनी दोनदा पाण्याऐवजी रिकामा पेला तोंडाला लावला. बायकोने ते पाहिलं. विचारलं नाही. परीक्षेच्या आधी माणसं असं करतात, असं तिला वाटलं असेल.

गुरुवारी सकाळी सर तिच्या दुकानात गेले. ती एका चष्म्याच्या दांडीचा स्क्रू आवळत होती. सरांनी घडी केलेला कागद काउंटरवर सरकवला.

"तुझा प्रश्न बदललाय."

तिने वाचला. मग चष्मा खाली ठेवला आणि पुन्हा वाचला. सबंध प्रबंध तिनेच टाइप केला होता, त्यामुळे समजावून सांगायची गरज नव्हती.

"म्हणजे ते रडतच नाहीत?"

"नाहीत."

"गिरणीवालासुद्धा?"

"तोसुद्धा."

"कधी कळलं?"

"सोमवारी."

"तीन दिवस पोटात घेऊन फिरताय, आणि आज हे माझ्या हातात देताय." तिने आवाज चढवला नाही, दुकानात एक म्हातारी तपासणीच्या खुर्चीत बसून पाटीवरची अक्षरं चोरून पाठ करत होती. "स्वतः का नाही सांगत?"

"मॅडमना शब्द दिलाय. स्वतःहून बोलणार नाही म्हणून. पण विचारलं तर सांग म्हणाल्यात त्या."

"वा. म्हणजे शब्द तुम्ही पाळायचा आणि सुरुंग मी लावायचा."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. बोलायची हिंमत नाही म्हणून बायकोचं तोंड उसनं घ्यायला आलात. सत्र संपताना यादी लागते. पदवी नसली तर त्या यादीत तुम्ही नाही. पुन्हा खण रिकामा करा, पुन्हा भरा. हे माहितीये ना?"

"माहितीये."

"तरी?"

सर काउंटरच्या काचेखालच्या फ्रेमा बघत राहिले. "परीक्षकांनी 'हृद्य' लिहिलंय," ते म्हणाले. "सोमवारपासून तो शब्द मला आंबट ढेकरेसारखा वर येतोय."

"मी नाही विचारणार," ती म्हणाली.

"मग टाकून दे तो कागद."

"तेही नाही करणार." तिने कागद कोटाच्या खिशात घातला आणि म्हातारीकडे वळली. "आजी, पाठ करून काही उपयोग नाही, मी पाटी बदलणार आहे."

सभागृह म्हणजे विभागातली लांबट खोली. एका बाजूच्या खिडक्यांचे पडदे लागत नसत, त्यामुळे पडद्यावरची चित्रं अर्धी उन्हात धुतली जात. समोर अध्यक्ष, मॅडम आणि बाहेरचे परीक्षक. परीक्षकांना सर्दी झाली होती. ते एकामागून एक खोकल्याच्या गोळ्या चघळत होते. सर बोलले ते ठीक बोलले. पहिल्या छपाईचं चित्र त्यांनी काढून टाकलं होतं, पण त्याची जागा काढायची राहिली होती, आणि मधेच एक पांढरं पान पडद्यावर आलं. सर त्यावरून घाईने पुढे गेले. पाणी हवं होतं. पाण्याची बाटली मॅडमसमोर होती आणि मॅडमकडे पाहायची सोय नव्हती.

परीक्षकांनी दुसऱ्या, तिसऱ्या प्रकरणावर रीतसर प्रश्न विचारले. मग गोळी गालात सरकवून म्हणाले, "पहिल्या प्रकरणाबद्दल मला प्रश्नच नाही. खरं सांगू? गेल्या महिन्यात मी तुमचा गिरणीवाला माझ्या वर्गात शिकवला. मागच्या बाकावरची दोन मुलं डोळे पुसत होती. मागच्या बाकावरची, बरं का."

सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली.

अध्यक्ष वळले. "कुणाला काही प्रश्न?"

पुरवणींनी गॅसच्या दिव्यांचा प्रश्न विचारला आणि त्याला जोडून आणखी तीन विचारले, ज्यांतल्या दोहोंची उत्तरंही स्वतःच दिली. एरवी सरांना राग आला असता. आज वाटलं, हे असेच संध्याकाळपर्यंत बोलत राहोत. पण ते बसले, आणि बाबा उठले.

"त्या काळचे पुरुष," बाबांनी पुकारलं, आणि दाराबाहेरचा शिपाई आत डोकावला, "उजेडात, सगळ्यांसमोर, एवढे का रडत होते?"

"फार चांगला प्रश्न आहे," सर म्हणाले. जीभ सवयीने पुढे निघाली. "त्या काळी प्रयोग दिवसाउजेडी होत. नट आणि प्रेक्षक एकाच उन्हात असत. त्यामुळे रडणं ही खाजगी गोष्ट..."

इथे गाडी अडकली. पुढचं वाक्य पाठ होतं, डोळ्यांसमोर दिसत होतं, पण तोंडातून निघेना. बाबांना वाटलं पोरगा विसरला. त्याला सावरून घ्यायला त्यांनी प्रश्न पुन्हा, आणखी सावकाश, आणखी मोठ्याने पुकारला. कुणीतरी हसलं. सरांनी समोरचे कागद सारखे केले, मग पुन्हा सारखे केले, मग त्यांच्या कडा टेबलावर ठोकून परत सारखे करायला लागले. मॅडम खिडकीकडे पाहत होत्या. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "बरं, वेळ झालीच आहे, तर आपण..."

"मला विचारायचंय," बायको म्हणाली.

ती उभी राहिली. कागद काढला नाही. दूध आणलंत का, हे ज्या सुरात विचारायची त्याच सुरात तिने विचारलं, "ज्या रंगसूचनांवर तुम्ही हे प्रकरण लिहिलंत, त्या नाटकांच्या पहिल्या छपाईत आहेत का? पाहिलंत तुम्ही?"

"फार चांगला..." सर म्हणाले आणि थांबले. कागद खाली ठेवले. "पाहिलं. नाहीत."

मग त्यांनी सांगितलं. पाद्रीबोवा, न कापलेली पानं, कोरडा गिरणीवाला, प्यायलेला खलाशी, सगळं. वाक्यं सरळ येत होती. त्या दिवसातली पहिलीच पाठ न केलेली वाक्यं. परीक्षकांचं चघळणं थांबलं.

"कधी लक्षात आलं हे?"

"सोमवारी."

"आणि आज आम्हाला सांगणार होतात?"

सरांनी मॅडमकडे पाहिलं नाही. "कुणी विचारलं तर."

परीक्षकांनी बायकोकडे बोट केलं. "या कोण?"

"माझी बायको."

"अच्छा. पेरणी."

"हो. पण तिने नाही म्हटलं होतं."

परीक्षकांनी नाक पुसलं. रुमालाची घडी घातली, मोडली. "आणि त्या मागच्या बाकावरच्या दोघांना मी आता काय सांगू?" ते म्हणाले. अध्यक्षांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात चहा आणि बिस्किटं मांडलेली होती, पदवी मिळेल या हिशेबाने. कुणी हात लावेना. पुरवणी जवळ येऊन म्हणाले, "त्याला जोडूनच सांगतो," आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना जोडायला काही सापडलं नाही. ते चहाकडे गेले. दार बंद होतं. आतून मधूनच खोकला ऐकू यायचा, मधूनच मॅडमचा आवाज, शब्द मात्र नाहीत.

बाबा जमेल तेवढ्या हळू म्हणाले, "मी प्रश्न चुकवला का रे?"

"नाही बाबा. प्रश्न बरोबर होता."

"मग तू असा काय थांबलास?"

"उत्तर चुकलेलं होतं."

बायको भिंतीला टेकून उभी होती. सरांनी विचारलं, "नाही म्हणाली होतीस ना?"

"म्हणाले होते."

"मग?"

"ते कागद ठोकत होतात ना तुम्ही." ती बंद दाराकडे बघत होती. "आई गेल्या तेव्हा खुर्च्या आणत होतात, तोच चेहरा. तेव्हा मी काही बोलले नव्हते."

दार उघडलं. अध्यक्षांनी बाहेर येऊन वाचून दाखवलं: पदवी तूर्त रोखली आहे, पहिलं प्रकरण मुळापासून नव्याने लिहावं, तोंडी परीक्षा पुन्हा होईल. तारीख नाही. यादीबद्दल कुणी काही बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. परीक्षक जाताना सरांशेजारी थांबले. "कुणी कुणाच्या तोंडी रडणं घातलं, हेच लिहा आता," ते म्हणाले. "पण माझ्याकडून पुन्हा 'हृद्य' वगैरे येणार नाही." आणि गेले.

मॅडम सगळ्यांत शेवटी आल्या. सरांनी हात जोडायला उचलले, त्यांनी ते पाहिले नाहीत.

"शब्द पाळलास," त्या म्हणाल्या. "वकील व्हायचास." पर्स खांद्याला लावून त्या जिन्याकडे निघाल्या, दोन पायऱ्या उतरून थांबल्या. "माझ्या जागी कोण येईल, तुला घेईल न घेईल, मला माहीत नाही. लिहिलेलं घरी आणून दाखव. आणि तो पहिला खंड माझ्याकडे दे. प्रस्तावना मी वाचणार, आधी."

घरी परतताना इमारत दिसायला लागली तेव्हा बाबा म्हणाले, "मग तो गिरणीवाला काय करतो, पोतं घेतल्यावर?"

"लिहिलेलं नाही."

"नुसता उभा?"

"वजन सांगतो. एवढंच."

बाबा विचार करत चालले. "मला तो रडलेला आवडला होता," ते म्हणाले.

सरांच्या डोक्यात सत्राची अखेर, टेबलाचा खण आणि न लिहिलेलं प्रकरण एकमेकांत गुंतले होते. पुन्हा नेमतील का? प्रबंध पडलेल्या माणसाला?

घरात येऊन टेकले नाहीत तोच बेल वाजली. बाबांनी इमारतभर पुकारलेली गाडी अशी वेळेवर आली. वरच्या मजल्यावरचे काका-काकू, समोरच्या घरातली माणसं, तळमजल्यावरचा शिंपी, सगळे नटूनथटून दारात. काका म्हणाले, "काय मग, आता डॉक्टर म्हणायचं ना?"

बाबांनी मान खाली घातली. खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि माणसं बरीच. सर झटकन उठले. "बसा ना, मी खुर्च्या आणतो," ते म्हणाले, आणि दारापर्यंत पोचलेही.

बायकोने त्यांचं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "उभे राहतील ते. तुम्ही बसा."

सर बसले. सगळे त्यांच्याकडे बघत उभे राहिले. ट्यूबलाइटच्या उजेडात तोंड लपवायला कुठे जागा नव्हती. हात मांडीवर ठेवून सरांनी सोमवार दुपारपासून सांगायला सुरुवात केली.